नऊ नंबरचा निरोगी माणूस

आमच्या घरात माझ्या नोकरीबद्दल फारसं कुणी विचारत नसे. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते पाहुण्यांना "सूनबाई रक्त-लघवीत आहे" असं सांगत. मी दोन-तीनदा दुरुस्त केलं. म्हटलं, अण्णा, मी रक्तात नाही, मी टिश्यूत आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पाहुण्यांना सांगितलं, "रक्त, लघवी आणि टिश्यू पेपर." मग मी नाद सोडला.

माझं काम तसं सांगायला सोपं आहे. कुणाच्या पोटातून, आतड्यातून डॉक्टरांनी तपासणीसाठी चिमटीएवढा तुकडा काढला की तो आमच्याकडे येतो. आम्ही तो मेणात बसवतो. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेच्या पट्टीवर उचलायचे आणि रंगवायचे. ती काच मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रिपोर्ट लिहितात. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या डॉक्टर. वापरून झालेले ब्लॉक आम्ही टाकून देत नाही. मागच्या खोलीत लोखंडी कपाटांमध्ये वर्षानुवर्षांचे ब्लॉक रांगेनं ठेवलेले आहेत. उन्हाळ्यात मेण वितळू नये म्हणून त्या खोलीला एसी आहे. आम्हाला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मॅडमनी एक अभ्यास काढला. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, हात थरथरायला लागल्यावर कळतो. पण त्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, आणि काहींच्या बाबतीत ती पोटात झालेली असावी, असं बऱ्याच डॉक्टरांना वाटतं. शरीरातलं एक प्रथिन चुकीची घडी घालून बसतं आणि नसांमध्ये त्याच्या गुठळ्या होतात. मेंदूत सापडतात तशाच गुठळ्या आतड्याच्या बारीक नसांमध्येही कधीकधी सापडतात. मॅडमचं म्हणणं असं, की आज ज्यांना कंपवात आहे त्यांच्यापैकी कुणाची पूर्वी आपल्याकडे पोटाची तपासणी झाली असेल, तर त्यांचा जुना ब्लॉक कपाटात असेल. तो काढू, त्या प्रथिनासाठीचा खास रंग देऊ आणि बघू, तेव्हाच काही दिसत होतं का. गुठळी असली तर तपकिरी दिसते, बाकी सगळं निळं.

ब्लॉक शोधायचे माझ्याकडे आले, आणि लोकांना फोन करायचंही माझ्याकडेच आलं. फोनवर विचारायचे प्रश्न मॅडमनी छापून दिले होते. पोट साफ होतं का. वास येतात का. झोपेत हातपाय झाडता का. अक्षर बारीक झालंय का. हात थरथरायच्या कितीतरी आधी हे बदल दिसू शकतात. हॉस्पिटलमधून फोन आला म्हटल्यावर माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात हे प्रश्न. एका बाईंनी मला ही फसवणूक करणारी टोळी समजून पोलिसांची धमकी दिली. एका सद्गृहस्थांनी पोटाची इतकी सविस्तर माहिती दिली की माझा डबा तसाच परत गेला.

पेठ तालुक्यातल्या एका आजोबांचा फोन मात्र लक्षात राहिला. त्यांना कंपवाताच्या गोळ्या सुरू होत्या आणि बऱ्याच वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी त्यांची एंडोस्कोपी आमच्याकडेच झाली होती. मी पहिला प्रश्न विचारला.

"ताई," ते म्हणाले, "तुमी नाशकातून पेठला फोन लावून हे इचारताय?"

"हो बाबा. अभ्यासासाठी हवंय."

"मंग लिवा. होतं, पन लय वेळ लागतो." ते म्हणाले, "आन् तवा जो तुकडा काढला, तो अजून तुमच्याकडं हाय?"

"हो. कपाटात आहे."

"इतकी वर्सं? जपून ठिवला?"

"हो बाबा, एसीत आहे."

मग ते म्हणाले, "मी येतो बघायला."

त्यांना संमतीच्या सहीसाठी यायचंच होतं, म्हणून मी या म्हटलं.

आता तुलनेसाठी निरोगी माणसंही लागणार होती. ज्यांची जुनी एंडोस्कोपी झाली आहे पण ज्यांना आज कंपवाताचं काहीही नाही, अशी. अभ्यासाच्या भाषेत त्यांना कंट्रोल म्हणतात. मी हे घरी जेवताना सहज बोलले आणि अण्णांनी भाकरी खाली ठेवली.

"माझी झाली होती की एंडोस्कोपी," ते म्हणाले.

झाली होती, हे खरं. आठ वर्षांपूर्वी सलग दोन दिवस मिसळ खाऊन त्यांच्या छातीत जळजळलं, त्यांना तो हार्ट ॲटॅक वाटला, आणि शेवटी पोटात नळी घालून निदान निघालं ते ॲसिडिटी. त्यांचा तुकडा मीच मेणात बसवला होता.

"मी निरोगी आहे," अण्णा म्हणाले. "लिही माझं नाव."

अण्णा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर, म्हणजे लोखंडी भाग नेमक्या मापात घासायच्या कामावर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हाताची स्थिरता हा त्यांच्या अभिमानाचा विषय. सुईत दोरा ओवायचा असला की आमच्या मजल्यावरच्या बायका त्यांच्याकडे येतात. तेव्हा त्यांचं नाव घालायला मलाही हरकत वाटली नाही. मॅडम म्हणाल्या, चालेल, फॉर्म भरून आणा. अण्णांनी फॉर्म टेबलाशी बसून, चष्मा लावून, एकट्यानं भरला. सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच, तक्रार नाही. निष्कर्ष कळवावा का, ह्या चौकटीत त्यांनी मोठी बरोबरची खूण केली. मोठी ती खूणच. अक्षर इतकं बारीक होतं की मॅडमनी भिंग घेतलं. मला वाटलं, ड्रॉइंगवर मापं लिहायची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेल्यावर अण्णांनी पाथर्डी फाट्याच्या ज्येष्ठ मंडळींना बातमी दिली. "मला हॉस्पिटलनं कंट्रोल म्हणून घेतलंय."

जुनी माणसं रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत दोघं जण आमच्या घरी येऊन तांदूळ कधी येणार ते विचारून गेले. अण्णांनी त्यांना बसवून समजावून सांगितलं, की कंट्रोल म्हणजे नॉर्मल माणूस, शास्त्रज्ञ लोक त्याच्याशी बाकीच्यांची तुलना करतात. मग आठवडाभर ते फिरायला आलेल्यांना पोटाच्या आरोग्याबद्दल सल्ले देत होते. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सगळं शेजारणींकडून कळलं.

"नॉर्मल म्हणून निवडलं?" आई मला म्हणाल्या. "घरी कुणाला विचारलं का त्यांनी?"

मी हसले. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

सह्यांच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलात आले. पेठचे बाबा सकाळच्या एसटीनं आले होते. सोबत माझ्यासाठी नागलीच्या पिठाची पिशवी. उजवा हात मांडीवर सारखा हलत होता, आणि ते तो डाव्या हातानं दाबून, एखादं कोकरू धरून ठेवावं तसे बसले होते. दोघं एकाच बाकावर. मी आत काम करत होते आणि मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"तुम्हाला काय होतंय?" अण्णांनी विचारलं.

"कंपवात. तुमाला?"

"मला काही नाही. मी नॉर्मल आहे."

"मंग दवाखान्यात कशाला आलात?"

"नॉर्मल आहे म्हणूनच बोलावलंय."

बाबांनी यावर विचार केला. "बरं हाय," ते म्हणाले. "आमाला कुनी नॉर्मल होतो तवा बोलावलं नाय."

बाबांनी तुकडा बघायचा आग्रह धरलाच. मॅडम त्या दिवशी खुशीत होत्या. त्यांनी दोघांच्या जुन्या काचा काढायला सांगितल्या, साध्या गुलाबी-जांभळ्या रंगातल्या, आणि दोघांना आळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बाबांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"ही तर भाताची खाचरं हायती," ते म्हणाले. "वळीनं. बांध घातल्यावानी."

मॅडमनी पुढे होऊन पाहिलं आणि म्हणाल्या, खरंच की. अण्णांनी स्वतःचं पोट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "फिनिश चांगलं आहे." मग दोघांचा थोडा वाद झाला, कुणाच्या पोटाचा रंग जास्त चांगला आला आहे. मला मध्ये पडून सांगावं लागलं की रंग मी दिलेला आहे.

तेवढ्यात अण्णांचं लक्ष मायक्रोटोमकडे गेलं. त्यांनी ब्लॉक कुठे बसतो ते पाहिलं, पात्याचा कोन पाहिला, चाक कसं फिरतं ते विचारलं.

"किती जाडीचा काप निघतो?"

"चार मायक्रॉन," मी म्हटलं. म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे काप.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चार?"

"हो."

"तू काढतेस?"

"रोजच काढते."

मी एक ब्लॉक लावून त्यांना दाखवला. चाक फिरवताना मी श्वास रोखते, तशी सवयच आहे, नाहीतर काप उडून जातो. मेणाची पातळ पट्टी पात्यावरून उतरली, मी ती ब्रशनं उचलून पाण्यावर सोडली आणि ती सुरकुती न पडता पसरली. अण्णाही श्वास रोखून उभे होते. टूलरूममध्ये दहा मायक्रॉनचं माप साधलं की लोक एकमेकांना चहा पाजायचे, असं ते नंतर म्हणाले. त्या दिवसापासून पाहुणे आले की ते सांगू लागले, "सूनबाई चार मायक्रॉनमध्ये आहे." कुणाला काही कळत नसे, पण मला बरं वाटायचं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

काचा खास रंगात रंगवून झाल्या. मॅडमना कुणाची कुठली ते कळू नये, म्हणून मी त्यांच्यावर फक्त नंबर घातले होते. यादी पाकिटात बंद करून ठेवली होती. पण नंबर मीच घातलेले, त्यामुळे मला पाठ होते. बाबा चार नंबर, अण्णा नऊ नंबर.

मॅडम बघत होत्या, मी शेजारी बसून लिहून घेत होते. "चार. एकदम स्वच्छ. हा निरोगी गटातला दिसतोय." मी लिहिलं. पुढे गेलो. "नऊ." त्या थांबल्या. काच थोडी सरकवली. "नऊमध्ये बरंच तपकिरी आहे. बघ, ह्या नसेच्या कडेनं. हा नक्की पेशंट असणार."

मी पाहिलं. निळ्यावर तपकिरी ठिपके होते, जिऱ्याचे दाणे सांडावेत तसे. मी वहीत लिहिलं आणि काचेवरचा नंबर परत वाचला. मॅडम म्हणाल्या, पुढची लाव.

सगळ्या काचा बघून होईपर्यंत आठवडा जाणार होता आणि तोवर पाकीट उघडायचं नव्हतं. त्या आठवड्यात मी फार विचित्र वागले. मी अण्णांवर नजर ठेवायला लागले. ते शिंकले तरी मी बघायची. सोमवारी मी उदबत्ती न पेटवताच देवापुढे खोचली आणि विचारलं, "अण्णा, नवीन आणलीय, वास कसा आहे?" ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "छान आहे, मोगरा." मंगळवारी मी गॅसवर दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं. ते शेजारच्याच खुर्चीत बसून कोडं सोडवत होते. वरच्या मजल्यावरून बाई खाली आल्या, काय जळतंय विचारायला. अण्णांनीच दार उघडलं आणि म्हणाले, "आमच्याकडे काही नाही."

बुधवारी मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. "अण्णा, ही वेलची चांगली आहे का बघा."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मी डोळे मिटले.

"उत्तम," ते म्हणाले. "खिरीत घाल."

मी डबी घेऊन स्वयंपाकघरात आले. आई भाजी चिरत होत्या. त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हिंग कशाला दाखवलास त्यांना?"

मी काहीतरी थाप मारली. पण त्यांनीच सांगितलं, की चार-पाच वर्षांपासून हे जेवणाला कधी नावं ठेवत नाहीत. पूर्वी फोडणी जराशी करपली तरी ताट सरकवायचे. आता काहीही वाढा, चांगलंय म्हणतात. "मला वाटलं, वय झालं, माणूस निवळला," आई म्हणाल्या. "मी म्हटलं, चला, देवानं ऐकलं."

शनिवारी मॅडमनी पाकीट उघडलं. चार नंबरपुढे पेठचं नाव आणि नऊ नंबरपुढे आमचं आडनाव बघून त्यांनी चष्मा काढला. "तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान डोलावली. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी मला नीट समजावलं. ही चाचणी अजून पक्की नाही. निरोगी माणसांतही कधीकधी हे दिसतं आणि त्यांना पुढे काहीच होत नाही. आणि ज्याला आजार आहे त्याच्यात दिसेलच असं नाही. तुकडा केवढासा, त्यात नस आली तर दिसणार, नाही आली तर नाही. बाबांच्या तुकड्यात नस फारशी आलेलीच नव्हती. "यावरून कुणाला पेशंट म्हणायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी कळवा म्हणून खूण केलीय. आणायचं असेल तर घेऊन ये. आणि फॉर्म परत भरू, घरच्या माणसासमोर."

सोमवारी अण्णा आणि आई दोघंही आले. मॅडमनी अण्णांना जे मला सांगितलं तेच सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "लेबल बदललं असणार."

मॅडम काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "अण्णा, लेबल मी लावलंय."

"माणसाकडून होतं."

मला फार लागलं. खरं सांगायचं तर गेला आठवडाभर मीही हेच मनात म्हणत होते, की माझ्या हातून चूक झाली असू दे. आपल्या हातून चूक व्हावी म्हणून मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. मी कपाट उघडलं, दोन्ही ब्लॉक काढले, पेन्सिलीनं लिहिलेला नंबर जुन्या रजिस्टरशी ताडून त्यांना दाखवला. मग त्यांच्यासमोर त्यांच्या ब्लॉकचा नवीन काप काढला. रंग व्हायला दुसरा दिवस उजाडला. तेच जिरं, त्याच जागी. अण्णांनी पाहिलं आणि म्हणाले, "काप सुरेख आहे." माफी म्हणून त्यांना एवढंच येत होतं आणि मी तेवढी घेतली.

फॉर्म मात्र सोमवारीच भरला. मॅडम प्रश्न वाचत होत्या, मी लिहीत होते.

"पोट साफ होतं का?"

"होतं," अण्णा म्हणाले.

"चौथ्या दिवशी," आई म्हणाल्या. "आणि पेपर घेऊन तासभर आत बसतात. घरात एकच बाथरूम आहे, डॉक्टर."

"मी वाचतो आत."

"वास येतात?"

"येतात."

"ह्यांनी परवा हिंगाची खीर करायला सांगितली."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मकडे पाहिलं.

"झोपेत हातपाय झाडता, ओरडता?"

"अजिबात नाही. गाढ झोपतो."

आई पदर सारखा करून म्हणाल्या, "मी तीन वर्षं हॉलमध्ये का झोपते, असं वाटतं तुम्हाला?"

"तुला पाठीला दिवाण बरा पडतो म्हणून."

"तुम्ही लाथा मारता म्हणून. झोपेत कबड्डी खेळता. एकदा माझा हात धरून मला रेषेपलीकडे ओढत होता. कबड्डी कबड्डी म्हणत."

मी लिहायचं थांबवलं होतं. आम्हा सगळ्यांना, म्हणजे मला आणि माझ्या नवऱ्यालाही, वाटत होतं की ह्या दोघांचं काहीतरी बिनसलंय. आम्ही दोनदा त्यांना देवदर्शनाच्या निमित्तानं त्र्यंबकला पाठवून खोली एकच घेतली होती, जमावं म्हणून. आई तिथूनही थकून परत आल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" अण्णांनी विचारलं.

"काय सांगायचं? स्वप्नात का होईना, जिंकत होता," आई म्हणाल्या.

मॅडम खोकल्या आणि पुढचा प्रश्न वाचायच्या ऐवजी मेंदूविकाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला लागल्या.

त्या डॉक्टरांनी अण्णांना चालवलं, बोट अंगठ्यावर भराभर आपटायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला लावले, लिहायला लावलं. मग म्हणाले, आज मी ह्याला आजार म्हणणार नाही. झोपेचं आणि वासाचं आहे, ते लक्षात ठेवू. रोज चाला, बद्धकोष्ठावर हे घ्या, पलंगाशेजारी धारदार वस्तू ठेवू नका, दर सहा महिन्यांनी दाखवा. झोपेसाठी एक गोळी दिली. अण्णांनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हणजे मी अजून कंट्रोलमध्ये आहे का?"

मी सांगितलं, की मॅडमनी त्यांना वेगळ्या यादीत ठेवलंय, ज्यांच्याकडे पुढे लक्ष ठेवायचं त्या यादीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना मंडळींना सांगितलं, की त्यांची बढती झाली आहे.

हे सगळं पेठच्या बाबांना मी फोनवर कळवलं, कारण त्यांच्याही फॉर्मवर खूण होती. स्वतःचा तुकडा स्वच्छ निघाला हे ऐकून ते मनापासून हसले. "मंग हात कोनाचा हालतोय?" ते म्हणाले. आणि अण्णांचं ऐकल्यावर म्हणाले, "त्यांना सांगा, काय नाय होत. मी भात लावतोच हाय." तिथून दोघांची मैत्री झाली. बाबा तपासणीला आले की आमच्याकडे जेवायला येत आणि मग दोघं फाट्यापर्यंत चक्कर मारून येत.

साधारण वर्षानं अशाच एका चकरेवरून परत आल्यावर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, त्यांचा उजवा हात चालताना झोपलेला असतो. डावा येतो-जातो, उजवा येत नाय. माझा आधी तसाच झाला व्हता."

मी पाहिलं, आणि मग मला ते दिसतच राहिलं. आम्ही सहा महिन्यांची वाट न बघता डॉक्टरांकडे गेलो. ह्या वेळी त्यांनी आजार म्हटलं. सुरुवातीचाच आहे, असंही म्हटलं. अण्णा ऐकत असताना आईंनी त्यांचा तो उजवा हात धरला होता, आणि बाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर अण्णांनी मला विचारलं, "एंडोस्कोपी झाली तेव्हाच पोटात होतं ते?"

"असावं. नक्की नाही सांगता येत."

"आणि मी इतकी वर्षं सुईत दोरा ओवत होतो."

"अजूनही ओवता."

त्यांनी सुई मागितली. मी दिली. जरा वेळ लागला, पण ओवली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गोळ्यांच्या वेळा त्यांनी तक्त्यात आखल्या, फूटपट्टीनं, आणि तक्ता फ्रिजवर लावला. अक्षर आई वाचू शकत नव्हत्या, म्हणून मी खाली मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं.

आता आठवड्यातून एकदा ते हॉस्पिटलच्या व्यायामवर्गाला जातात. बाबांनाही त्याच दिवसाची वेळ मिळाली आहे. तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पाऊल अडखळू नये म्हणून पेशंटनी एकेका पट्टीवरून मोठं पाऊल टाकत, मोठ्यानं आकडे म्हणत चालायचं असतं. पहिल्याच दिवशी अण्णा तिसऱ्या पट्टीशी थांबले. फिजिओथेरपिस्ट मुलगी धावत आली. तिला वाटलं, कंपवातात होतं तसं पाऊल जागीच गोठलं.

"पट्ट्यांमधलं अंतर सारखं नाही," अण्णा म्हणाले.

ती म्हणाली, काका, अंदाजानं लावल्यात, चालतं. अण्णा म्हणाले, आम्हाला चालायचंय म्हणूनच सांगतोय. मी जेवणाच्या सुट्टीत डोकावले तेव्हा सगळ्या पट्ट्या उखडलेल्या होत्या, वर्गातले आठ-दहा म्हातारे खुर्च्यांवर बसून पाहत होते, ती मुलगी डोक्याला हात लावून उभी होती, आणि अण्णा गुडघ्यावर बसून मापाची टेप धरून नव्या खुणा करत होते. टेपेचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं आणि ते सारखं थरथरत होतं.

"हलवू नका," अण्णा म्हणाले.

"मी नाय हलवत," बाबा म्हणाले. "तो आपला आपन हालतो."

"मग डाव्या हातानं धरा."

बाबांनी हात बदलला. टेप ताणली गेली, अण्णांनी पेन्सिलीनं रेघ मारली आणि एक पट्टी चिकटवून वरून अंगठ्यानं घट्ट दाबली. अजून अकरा राहिल्या होत्या. त्या दिवशी वर्गात व्यायाम असा कुणाचाच झाला नाही.